पारिवारिक कारण

रायपूर
गुरुवार, ९ नोव्हेंबर २०१७

प्रिय देवयानी,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, त्याबद्दल आधी आभार मानते. नऊ वर्षांनी लिहिते आहे. खरं तर फोनच करणार होते. पण तू उचलला नसतास तर मी सुटले असते, आणि उचलला असतास तर नागपुरात थंडी पडली का, एवढं विचारून ठेवून दिला असता. माझा मला भरवसा नाही, म्हणून हा कागद.

आमच्याकडे सगळं बरं आहे. भास्कर गेल्या वर्षी रेल्वेतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात रुजू झाले. चाळीस वर्षं ज्यांना मिठाचा डबा सापडला नाही, ते आता मला शिकवतात की वांग्याच्या भाजीत तिखट कधी घालायचं. मी खाते आणि पाणी पिते. तात्यापाऱ्यातल्या तुझ्या घराखाली मोबाइलचं दुकान झालं आहे. सदर बाजारातून स्कूटर काढणं मी सोडून दिलं, ई-रिक्षानं जाते. मंत्रालय नव्या रायपूरला गेलं, तिकडचे रस्ते एवढे रुंद केले आहेत की रस्ता विचारायला माणूस मिळत नाही. मीरा भूलशास्त्रात एम.डी. करते आहे असं कानावर आलं. आईच्या वाटेनं गेली म्हणजे. ऐकून फार बरं वाटलं. हे खरंच लिहिते आहे, पत्रात लिहितात म्हणून नाही.

आपलं रुग्णालय तुला आता ओळखू येणार नाही. तीनशे खाटा, मागच्या बाजूला पाच मजली नवी इमारत, खाली काचेचं दार. कर्मचारी साडेपाचशे, त्यांत साडेतीनशे बायका. व्यवस्थापन समितीत नऊ जण, त्यांत बाई एक. ती मी. आणि बैठकीचं कार्यवृत्त लिहायचं काम अजून माझ्याकडेच आहे, कारण 'दीदी की हैंडराइटिंग अच्छी है'. सगळं कॉम्प्युटरवर टाइप होतं त्याला दहा वर्षं झाली, तरी माझं अक्षर अजून चांगलंच आहे.

बैठकीत जी बाई लिहीत असते ती बोलत नाही, हे तू पाहिलंच आहेस. दोन-तीनदा मी बोलले होते. मग खाली मान घालून आपलंच म्हणणं आपणच लिहायची वेळ आली, आणि ते इतकं आगाऊपणाचं वाटलं की मी ते गाळलं. गाळलं म्हणजे मी बोललेच नाही असं झालं. बाकीच्यांना ते आठवणं शक्य नव्हतं, त्यांना कार्यवृत्तात असतं तेवढंच आठवतं.

आता मुद्द्यावर येते. डॉ. शेखर डिसेंबरअखेर जात आहेत, हैदराबादला. तुझ्या वेळी ज्यांना भिलाईहून आणलं तेच. माणूस वाईट नाही, नऊ वर्षं नीट काम केलं. आता संचालकाची जागा रिकामी होते आहे. तिच्यासाठी सरळसरळ एकच नाव आहे, डॉ. राधिका. तू गेलीस तेव्हा ती नुकतीच रुग्णालयात लागली होती, आपल्या तात्यापाऱ्यातलीच पोट्टी, तुला आठवेल. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते, मला मौसी म्हणते. सात वर्षं उपसंचालक आहे. गेल्या वर्षी डेंग्यूची साथ आली तेव्हा शेखर परदेशात होते, रुग्णालय तिनंच चालवलं. तिनं लेखी अर्ज दिला आहे. संचालकपद हवं, आणि संचालकाला मिळतो तो पगार हवा, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

वाचलंस ना. हाच अर्ज दुसऱ्या कोणीतरी आधी दिला होता.

आपल्याकडे ठरतं कुठे ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तुला वाटायचं बैठकीत ठरतं, म्हणून तू बैठकीची तयारी करायचीस. बैठकीत काही ठरत नाही. अध्यक्ष रामकृष्णजींच्या पंडरीतल्या कापडाच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर, रविवारी सकाळी पोहे-जिलबीचा नाश्ता असतो. समितीतले पुरुष तिथे जमतात. मी समितीत आले तेव्हा एकदा विचारलं होतं, मी येऊ का. रामकृष्णजी फार मायेनं म्हणाले, "दीदी, संडे तो परिवार का दिन है, आपको क्या तकलीफ़ देना." नाश्त्याला जे ठरतं ते सोमवारी मला फोनवर कळतं. मंगळवारी मी कार्यवृत्त टाइप करते. बैठक गुरुवारी किंवा शनिवारी होते. म्हणजे सभेचा वृत्तांत सभेच्या आधी तयार असतो, सभेत फक्त सह्या होतात. बाहेरच्याला हे वेड्यासारखं वाटेल. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही, उलट मी किती तत्पर आहे याचं कौतुक व्हायचं.

तर या सोमवारी फोन आला. राधिकाला संचालक करायचं नाही, एक वर्ष 'प्रभारी' ठेवायचं. पगार आहे तोच, वर पंधरा हजार मानधन. शेखरला आज तीन लाख मिळतात. तिला एक लाख चाळीस पडतील, काम तेच. मी विचारलं, कारण काय लिहू. रामकृष्णजी म्हणाले, "वही पुराना वाला लगा दीजिए न. देवयानी मैडम ने भी परिवार के कारण खुद मना किया था. पहले एक साल देख लेते हैं."

तू दचकली असशील. तू कधी नाही म्हणाली होतीस, असं स्वतःला विचारत असशील.

तू नाही म्हणालीच नव्हतीस. ते मी लिहिलं.

देवयानी, त्या गुरुवारी, १९ जून २००८ला, तुझा विषय म्हणून तुला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. विषय क्रमांक सहा. दोन वर्षं प्रभारी म्हणून रुग्णालय चालवलेल्या बाईला आतल्या पंख्याखाली जागा नव्हती. नंतर रामकृष्णजी बाहेर येऊन तुला म्हणाले की या वेळी बाहेरून अनुभवी माणूस आणतो आहोत. संध्याकाळी फाटकापाशी तू मला विचारलंस, "तू एक शब्द तरी बोलली असती तर काय झालं असतं?" मी पर्समध्ये स्कूटरची किल्ली शोधत राहिले. तू दोन महिन्यांत नागपूरला निघून गेलीस आणि माझ्याशी बोलणं बंद केलंस. मी गप्प बसले याचा तुला राग आहे, असं मला सगळ्यांकडून कळत राहिलं. मी तो राग तसाच राहू दिला, कारण तो स्वस्त होता. गप्प बसलेल्या बाईला लोक समजून घेतात. घाबरली असेल बिचारी, नोकरीचा प्रश्न आहे, असं म्हणतात.

मी गप्प बसले नव्हते. विषय क्रमांक सहाखाली मी लिहिलं होतं, "डॉ. देवयानी ने पारिवारिक कारणों से पद-ग्रहण में असमर्थता व्यक्त की." खाली नऊ सह्या आहेत.

तेव्हा मी स्वतःला असं समजावलं की हे तुझ्या भल्याचं आहे. रामकृष्णजी म्हणाले होते, कुछ ठीक-सा लिख दीजिए, मैडम का मान रह जाए. तुझ्या सासऱ्यांना अर्धांगवायू झाला होता, मीरा दहावीत होती. नाकारली असं कागदावर येण्यापेक्षा स्वतःहून नको म्हणाली असं आलेलं बरं, असं मला वाटलं. खरं म्हणजे वाटलं नाही, मी वाटून घेतलं. तुझ्या घरात सासरे आजारी होते तसे त्याच वर्षी शेखरचे वडील हृदयविकारानं भिलाईच्या दवाखान्यात होते. त्यांच्या बाबतीत पारिवारिक कारण मला सुचलं नाही.

आणि ते वाक्य मंगळवारचं होतं. बैठक गुरुवारची. मध्ये एक आख्खा बुधवार होता.

बुधवारी आपण माझ्या खोलीत जेवलो. तू गोळाभात आणला होतास, वरून तेलाची फोडणी वेगळ्या डबीत. जेवता जेवता तू विचारलंस, "काही समजलं का गं माझं?" मी म्हणाले, "मले काय मालूम, उद्या समजेल न." टाइप केलेला कागद माझ्या टेबलाच्या वरच्या खणात होता, आपल्या ताटांपासून वीतभर अंतरावर. मी गोळाभात दोनदा घेतला. एवढ्या वर्षांत तुझं बोलणं, तुझा राग, सगळं मी पचवलं. तो बुधवार मात्र पचला नाही.

अजून एक आहे. ते लिहिल्याशिवाय पत्र बंद केलं तर मी पुन्हा तीच बाई. विषय क्रमांक सातही मीच टाइप केला होता. कार्यालय अधीक्षक सरोजिनी यांना प्रशासक म्हणून बढती आणि व्यवस्थापन समितीचं सदस्यत्व. सहा नीट पार पडला नसता, तू आत येऊन भांडली असतीस, तर सात पुढे ढकलला गेला असता. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती, अनुक्रम मीच लावला होता.

बढतीचं पुढे काय झालं तेही ऐक, तुला हसू येईल. खरेदी विभागाचा विशाल, जो आता समितीतही आहे, तो मीच निवडला, दरपत्रकं कशी वाचायची हे मी शिकवलं. चार वर्षांपूर्वी कळलं की त्याला पंच्याऐंशी हजार आहेत आणि मला अठ्ठावन्न. मी धीर करून रामकृष्णजींकडे गेले. त्यांनी जुनी फाइल मागवली, चष्मा लावला आणि मला वाचून दाखवलं, की डॉ. देवयानी ने पारिवारिक कारणों से, वगैरे. म्हणाले, "हम तो देने को तैयार रहते हैं दीदी, लेडीज़ लोग खुद ही बड़ी जिम्मेदारी नहीं चाहतीं." माझंच वाक्य माझ्या तोंडावर. मी मान हलवून बाहेर आले. घरी येऊन हसत सुटले तर भास्कर म्हणाले, "काहून हसून राहिली?" त्यांना काही सांगितलं नाही.

सोमवारचा फोन ठेवल्यावर मात्र त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ वांगी चिरत राहिले. मग म्हणाले, "मंग आता माफी मागून राहिली का काही करून राहिली?" रेल्वेच्या बुकिंग खिडकीवर बसलेला माणूस, रांगेतल्या माणसाला काय हवं ते लवकर ओळखतो.

मला करायचं आहे. या वेळी बैठक लांबली आहे, शनिवारी, २५ तारखेला आहे. राधिकाच्या विषयाला आधार म्हणून तुझं ते वाक्य पुढे येणार. ते खोटं आहे हे मी तिथे सांगणार आहे. पण नुसतं माझ्या तोंडी सांगण्याला किंमत नाही, कार्यवृत्त सगळ्यांच्या सहीचं आहे. तुझा २००८चा अर्ज हवा. फाइलमध्ये तो नाही. तो मी त्याच मंगळवारी काढून घेतला, कारण तो आणि ते वाक्य एका फाइलमध्ये राहू शकत नव्हते. नव्या इमारतीत आलो तेव्हा रद्दीबरोबर गेला. चुकून गेला असं मी बरीच वर्षं म्हणत होते. चुकून नाही.

तू प्रत ठेवल्याशिवाय कुठला कागद देत नसायचीस. ती असेल तर पाठव. माझ्यासाठी नको पाठवूस. राधिकाला अजून यातलं काही माहीत नाही, तिच्यासाठी पाठव. नाही पाठवलीस तरी मी बोलणार आहे, पण मग ते ऐकून घेतील आणि चहा मागवतील.

भास्करांचा नमस्कार. मीराला आशीर्वाद सांग, सांगावासा वाटला तर.

सरोजिनी


रायपूर
सोमवार, २७ नोव्हेंबर २०१७

प्रिय देवयानी,

तुझं पाकीट शनिवारी, १८ तारखेला मिळालं. अर्जाची प्रत, वर आवक विभागाचा शिक्का, तारीख ३ जून २००८. माझ्यासाठी एक ओळसुद्धा नव्हती. मी पाकीट झटकून पाहिलं, आत हात घालून पाहिलं, खोटं कशाला बोलू. मग अर्ज वाचला. "दोन वर्षे प्रभारी म्हणून जे काम मी करत आहे, तेच काम त्याच पदनामाने आणि त्याच वेतनावर करण्याची माझी तयारी आहे. घरच्या कुठल्याही अडचणीमुळे हे काम आजवर एक दिवसही थांबलेले नाही." हे शेवटचं वाक्य मी तेव्हा वाचलं होतं. वाचून मग ते दुसरं लिहिलं.

परवा बैठक झाली. बाकावर बाहेर राधिका बसली होती. बाक नवा आहे, पद्धत तीच.

विषय आला तेव्हा रामकृष्णजींनी नेहमीसारखं म्हटलं, दीदी, पढ़ दीजिए. मी म्हणाले की आज मला लिहिता येणार नाही, मला बोलायचं आहे, कोणीतरी दुसऱ्यानं लिहा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आठ शिकलेल्या पुरुषांमध्ये पेन कोणाकडे सरकवायचं हे ठरायला चांगली दोन मिनिटं गेली. शेवटी वयानं सगळ्यांत लहान म्हणून विशालनं घेतलं.

मी आधी तुझा अर्ज वाचला, मग जुनं कार्यवृत्त वाचलं. 

रामकृष्णजी रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत, त्यांची मायाच फार आहे. म्हणाले, "दीदी, ये तो आप ही ने लिखा था."

"हव," मी म्हणाले. "मैंने ही लिखा था. मीटिंग के दो दिन पहले लिखा था. आपने कहा था कुछ ठीक-सा लिख दीजिए, और मैंने झूठ लिख दिया. तब जो समिति में थे, सबने दस्तख़त किए. उनसे किसी ने नहीं पूछा, मैंने भी नहीं."

मग डॉ. शेखर माझ्याकडे वळले. त्यांना नऊ वर्षं हेच सांगितलं होतं म्हणे, की जागेसाठी इथलं कोणी तयार नव्हतं, म्हणून त्यांना बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. ते रामकृष्णजींना म्हणाले की तसं असेल तर राधिकाला ज्या वेतनश्रेणीत मी आलो त्याच श्रेणीत घ्या, तिचा आजचा जो पगार होतो तो द्या, आणि प्रभारी वगैरे नको. झालं. दोघांनी माना हलवल्या, मग चौघांनी, मग सगळ्यांनी. मी अर्धा तास बोलत होते, त्यांचं एक वाक्य पुरलं. शेखरचे उपकार आहेत, ते मी मानते. आणि हेही तुला लिहून कळवते, कारण विशालनं ते लिहिलं नसतं.

विशालनं काय लिहिलं होतं सांगू? "पुराने विषय पर चर्चा हुई." मी तो कागद पाहिला आणि सही करायला नकार दिला. त्याच्यावर चिडले नाही. हे असं लिहायला तो माझ्याकडूनच शिकला आहे. त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "मैडम, आप बोलिए, मैं जैसा का तैसा लिखता हूँ." मग मी सांगितलं आणि त्यानं लिहिलं.

राधिकाला आत बोलावलं. संचालक, पूर्ण पगार, एक जानेवारीपासून. तिनं एकदा आकडा पुन्हा विचारला आणि हो म्हटलं. पेढे आले. मी तिला माझ्या खोलीत नेलं आणि तुझ्या अर्जापासून बुधवारच्या जेवणापर्यंत सगळं सांगितलं. बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं असं वाटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी एकच विचारलं.

"मौसी, उस बुधवार को बता देतीं तो क्या होता?"

मी म्हणाले, "मेरा वाला विषय क्रमांक सात नहीं होता."

मी राजीनामा लिहून नेला होता. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, पण खोटं कार्यवृत्त लिहिणाऱ्या बाईच्या ताब्यात रुग्णालयाचे कागद राहू नयेत, एवढं प्रशासन मला कळतं. मनातून वाटत होतं की ती म्हणेल, मौसी, रहने दीजिए. लहानपणी माझ्या हातचा शिरा खाल्लेली पोरगी आहे. तिनं कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "जनवरी में मंज़ूर कर दूँगी." मला रडू आलं, पण वाईट वाटलं नाही. ती नीट काम करील. माझी जागा भरताना तिनं जाहिरातीत पगार आधीच छापायचं ठरवलंय, मग येणारा पुरुष असो नाहीतर बाई. तोही विशालएवढा. मला अठ्ठावन्नाचे पुढे जेमतेम बासष्ट झाले होते.

भास्कर म्हणतात, चला, आता दोघं मिळून वांगी चिरू.

तुझ्याकडे क्षमा मागत नाही. मागितली की द्यावी की नाही हे काम तुझ्यावर येऊन पडतं, आणि तुझ्यावर न विचारता एक गोष्ट टाकून झाली आहे, ती पुरे. उत्तरही नको. फक्त सोबतचा कागद जपून ठेव. समितीची सही-शिक्क्याची प्रत आहे. नव्या रुग्णालयात, किंवा मीराला, कधी कोणाला दाखवावीशी वाटली तर दाखव. विशालच्या अक्षरात आहे, अक्षर माझ्याइतकं चांगलं नाही.

"दिनांक १९ जून २००८ के विषय क्रमांक ६ में लिखा कारण असत्य था. डॉ. देवयानी ने मना नहीं किया था. उन्होंने यह पद पूरे वेतन पर माँगा था. समिति ने उन्हें नहीं दिया."

खाली नऊ सह्या आहेत. या वेळी सगळ्यांनी वाचून केल्या.

तू नऊ वर्षं माझ्यावर रागावली आहेस, ते मी बोलले नाही म्हणून. तो राग आता सोड, तो चुकीच्या गोष्टीचा होता. मी काय केलं ते आता तुला माहीत आहे. रागवायचं असेल तर त्यावर रागव.

तुझ्याबद्दल खोटं लिहिलेली,
सरोजिनी